पुढच्या गाडीचे उस्ताद

उस्तादांना स्वस्थ उभं राहता येत नसे. परेडच्या रांगेतसुद्धा त्यांचा उजवा पाय बुटाच्या आत हलत असायचा आणि शेजारचा हवालदार ओठ न हलवता कुरकुरायचा, "उस्ताद, गाडी बंद करा." चहा ते चालता चालता पीत. जेवण उभ्याने, डबा कुठल्यातरी सरकारी गाडीच्या बॉनेटवर ठेवून. त्याआधी बॉनेटवर तळहात टेकवून बघत. गार असलं तर जेवायला सुरुवात. गरम असलं तर डबा तिथेच सोडून त्या गाडीच्या चालकाला शोधायला निघत. "कुठून आलास रं? येवढी तापवलीस कशापायी?" साहेबांना घरी सोडून आलो, असं त्या बिचाऱ्याने शपथेवर सांगितलं तरी यांचं समाधान होत नसे. तोवर डब्यातल्या भाजीचा कावळ्यांनी निकाल लावलेला असे.

पोलिसांच्या मोटार विभागात ते चालक हवालदार होते. नव्या चालकांना तयार करणं हे त्यांचं काम, म्हणून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली गेले ती नवी चालक शिपाई म्हणून, आणि त्या तुकडीतली एकुलती एक बाई म्हणून. माझं प्रोबेशन चालू होतं. म्हणजे नोकरी हातात आली होती, पण मूठ अजून मिटलेली नव्हती. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा माझाच काय तो पगार येत होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकणला प्रेस शॉपमध्ये होते, पण कंत्राटदार बदलला आणि जुनी माणसं घरी बसली. रोज निघताना ते एकच सांगत, "बाई, गाडीला ओरखडा येऊ देऊ नको. सरकारी लोखंड लई महाग असतंय." मी हसून जिना उतरायचे.

पहिल्या दिवशी उस्तादांनी मला पाठलाग शिकवला नाही. पळायला शिकवलं.

मोशीच्या पुढे एक मोठं मोकळं मैदान होतं. तिथे त्यांनी मला एका जुन्या गाडीत बसवलं, सांगितलं, "तू चोर. पळ." आणि स्वतः जीप घेऊन माझ्या मागे लागले. सायरन, हॉर्न, दिवे, सगळं चालू. मी इकडे वळले की हे इकडे, तिकडे वळले की तिकडे, आणि सारखे इतके जवळ की माझ्या आरशात जीपच्या जाळीशिवाय काही दिसेना. थोड्याच वेळात मी मैदानातलं एकुलतं एक पिंप उडवलं. उस्ताद खाली उतरले. ओरडतील असं वाटलं होतं, तर हे खुशीत.

"कुठं बघत व्हतीस?"

"आरशात, उस्ताद."

"मंग गाडी कोन चालवत व्हतं?"

त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि पुढच्या चाकाजवळ तोंड न्यायला सांगितलं. जळका, घशात खवखवणारा वास येत होता. मी एकाच वेळी वेग देत होते आणि ब्रेकही मारत होते, हे मला त्या वासानेच कळलं. "आपून जवळ गेलो की पुढचा मानूस रस्ता बघायचा सोडतो," उस्ताद म्हणाले. "घाबरून ब्रेक, घाबरून रेस. ब्रेक तापत्यात, तापले की धरत न्हाईत. मंग तो मानूस थांबतो म्हनला तरी गाडी थांबत न्हाई. पळनाऱ्याच्या आरशात मोठं व्हऊ नगा, पोरी. ल्हान दिसा. पन दिसा."

हा त्यांचा सगळा धर्म होता. चोराला दिसत राहायचं, पण अंगावर जायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे की पोलीस आहेत, आणि ब्रेक गार व्हायला त्याला सवडही मिळाली पाहिजे.

ठाण्यामागे जप्त केलेल्या गाड्यांची रांग होती. कोणाची काच नाही, कोणाचं दार नाही, चाकांतून गवत आलेलं. उस्तादांना तिथे सोडलं की त्यांना दुसरीकडे न्यावं लागायचं ते हाताला धरूनच. नवी गाडी जप्त होऊन आली की बाकीचे आरोपीकडे धावत आणि हे गाडीखाली. "आधी हिची जबानी घ्या," असं खालूनच ओरडत. आरोपी म्हणे मी हळू चालवत होतो, आणि गाडीखालून आवाज येई, "खोटं! ब्रेकची चकती निळी पडलीय." क्लच जळला असला तर चोर नवशिका. एकाच बाजूचे टायर झिजले असले तर वळणावर जीव मुठीत घेऊन पळालेला. मागच्या बंपरला आपल्याच जीपचा रंग लागलेला दिसला की मात्र उस्तादांचा आवाज बदलायचा. "कोनी ढकलली ही? मागनं ढकलली की मागची चाकं भुई सोडत्यात. मंग तिचं तोंड कुठं फिरंल, शाळेकडं का दवाखान्याकडं, सांगता येतंय का?" ढकलणारा तिथेच उभा असायचा, छातीवर शाबासकीची थाप घेऊन आलेला. त्याला हे कशाला आवडेल?

म्हणून त्यांचं नाव पडलं, पुढच्या गाडीचे उस्ताद. म्हणजे हे आपल्या जीपमध्ये बसतात पण यांचा जीव चोराच्या गाडीत असतो. एकदा एका तरुण फौजदारांनी तोंडावर विचारलं, "उस्ताद, तुमचा पगार चोर करतात की काय?" उस्ताद पाय हलवत उभे. "चोर धराया मला बी आवडतं, साहेब. पन तो ज्याच्या अंगावर पडंल त्याला कोन धरनार?" फौजदार हसले. सगळे हसले. मीही हसले, कारण प्रोबेशनवरच्या माणसाने कोणत्या वेळी हसायचं ते बघून घ्यायचं असतं.

पण त्यांचं खरं करून दाखवलेलंही मी पाहिलं. काळेवाडीतून एक गाडी चोरून कोणीतरी गल्लीबोळांत घुसलं होतं. दोन जीपा आणि मोटारसायकली सैरावैरा फिरत होत्या. उस्ताद मात्र जीपमधून उतरले आणि एका गतिरोधकाजवळ जाऊन उकिडवे बसले. आमच्याकडचे गतिरोधक म्हणजे काय सांगावं, रंग नाही, फलक नाही, ज्याच्या दारात मूल असेल त्याने सिमेंट आणून घातलेला उंबरठाच. त्याच्या पलीकडे रस्त्यावर तेलाचा थेंब होता. पुढे आणखी एक. पुढे धारच. "चेंबर फुटलं," म्हणाले. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं त्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. ते फुटलं की इंजिन थोड्या वेळाचा पाहुणा. उस्ताद त्या तेलामागून चालत गेले, मी मागून. तीन-चार गल्ल्यांनंतर बंद पडलेली गाडी आणि तिला टेकून हताश बसलेला चोर. उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवण्याआधी बॉनेटवर ठेवला. "आरं, तेलाचा दिवा पेटला व्हता, बगितला न्हाईस?" असं त्याला रागावले. बेड्या घालायचं मलाच आठवलं.

त्यांच्या घरी, चिंचवड गावठाणात, मी एकदाच गेले. काकूंनी पोहे दिले आणि तक्रार केली. "ह्ये झोपेत क्लच दाबत्यात. माझ्या पोटऱ्या बघ. आता मी खालीच गादी घालते." उस्ताद दारातच येरझाऱ्या घालत होते. "क्लच न्हाई, ब्रेक," तेवढं त्यांनी दुरुस्त केलं.

असा माणूस चुकेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. चुकतात ते इतर लोक, अशी माझी समजूत. आता इतकी वर्षं गाडी चालवून कळलंय की ज्याला ज्या गोष्टीचं वेड असतं, त्याची चूक नेमकी त्या वेडातच बसलेली असते.

दुपारची शिफ्ट सुटायची वेळ होती. चाकणहून एक चोरीची गाडी मोशीच्या दिशेने निघाल्याचा निरोप वायरलेसवर आला आणि आम्ही वाटेतच होतो. जीप मी चालवत होते, शेजारी उस्ताद, मागे लोखंडी बॅरिकेड भरलेले. नाकाबंदीसाठी ते टाकायला निघालो होतो, उतरवायला वेळ मिळाला नाही. पांढरी गाडी आमच्या समोरून गेली आणि मी मागे लागले.

"ल्हान," उस्ताद म्हणाले. मी अंतर ठेवलं.

वायरलेसवर तेच तरुण फौजदार. "दिसतेय का? मग सोडू नका. चिकटून राहा, चिकटून."

मी वेग दिला. उस्ताद म्हणाले, "मागं." मी ब्रेक मारला. वायरलेस म्हणाला, "कुठे राहिलात?" मी पुन्हा वेग दिला. पुन्हा "मागं." पुन्हा ब्रेक. एकीकडे साहेब आणि एकीकडे उस्ताद, आणि मधे माझा एक पाय. कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, दुचाकीवरून सुटलेले कामगार, सगळ्यांतून मी ती वजनदार जीप पळवत आणि आवळत होते. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

मग वास आला. तोच, मैदानातला.

उस्ताद सीटवर अर्धे उठले. "गेले! त्याचे ब्रेक गेले!" पुढे रस्ता इंद्रायणीकडे उतरत होता आणि उताराच्या पायथ्याशी कंपनीची बस थांबलेली. तिच्यातून बायका उतरून रस्ता ओलांडत होत्या, पिशव्या, डबे, आपापसात बोलणं. "तो आता त्यांच्यात घुसनार," उस्ताद ओरडले. "त्याच्या फुडं काढ! फुडं जाऊन बाया बाजूला कर! सायरन!" आयुष्यभर ज्यांनी मागे राहायला शिकवलं त्यांनी मला पुढे घातलं, आणि तेही त्या बायकांच्या काळजीने. मी उजवीकडून पांढऱ्या गाडीला ओलांडलं. ब्रेकवर पाय ठेवला. पाय खालीच गेला.

"उस्ताद, पेडल खाली जातंय."

"तुझं ऱ्हाऊ दे, मागं त्याच्याकडं बग!"

"उस्ताद, आपलं पेडल!"

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. वास आमचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुढचं सगळं माझ्या हातापायांनी केलं, मी केलं असं म्हणवत नाही. तिसरा गिअर, दुसरा गिअर, इंजिनाची किंकाळी. उस्ताद हँडब्रेक थोडा थोडा ओढत होते. बायका पांगल्या, एक म्हातारी मात्र रस्त्याच्या मधोमध तशीच उभी, तिला कुठे जावं ते सुचेना. डाव्या हाताला नव्या इमारतीचं काम चाललं होतं आणि रस्त्यालगत वाळूचा ढीग होता. मी स्टिअरिंग तिकडे टाकलं. जीप ढिगावर चढली, वाळू काचेवर आली, आणि सगळं बंद झालं. मागचे बॅरिकेड तेवढे थोडा वेळ खणखणत राहिले. उस्तादांचा उजवा हात मनगटात मोडला होता. मला काहीही झालं नव्हतं.

मी दार उघडून बाहेर पडले तर पांढरी गाडी बसच्या मागे उभी होती. व्यवस्थित, रांगेत, बायकांना वाट देत. आरशातली जीप नाहीशी झाल्यावर त्या पोराने समोर पाहिलं होतं आणि ब्रेक मारला होता. ब्रेक ठणठणीत होते. तो दार उघडून वाळूच्या ढिगाकडे आ वासून बघत होता, तेवढ्यात चार बायकांनी त्याची कॉलर धरली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं.

ती म्हातारी माझ्यापाशी आली. अंगावरची धूळही तिने झटकली नव्हती. "बाई, त्यो चोर हाय न्हवं?"

"हो."

"त्यो चोर आसून थांबला. मंग तुमास्नी काय झालं व्हतं?"

उस्ताद वाळूत बसले होते, मोडका हात मांडीवर घेऊन. त्यांनी ऐकलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे दोन्ही पाय स्थिर पाहिले, आणि मला रडू आलं.

सरकारी जीप वाळूत घातली म्हणजे चौकशी आलीच. फौजदार वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं, आणि चिकटून राहा म्हणणारा आवाज त्यांचा होता. त्यांनी मार्ग काढला. आरोपीने जिवे मारण्याच्या हेतूने शासकीय वाहनाला धडक दिली, असं दोघांनी सांगायचं. म्हणजे जीपचा ठपका टळला, माझं प्रोबेशन वाचलं, उस्तादांची इतक्या वर्षांची नोकरी डागाशिवाय संपली. त्या पोरावर चोरी होतीच, वर खुनाचा प्रयत्न चढला असता. "तसाही तो चोरच आहे," फौजदार मला म्हणाले. मी मान डोलावली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी अण्णा माझ्यासमोर ताट ठेवून बसून राहिले, आणि तेच जास्त लागलं.

जबाब आधी उस्तादांचा झाला, माझ्यासमोरच. हात गळ्यात बांधलेला, आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. त्या पोराने धडक दिली नाही, आमचेच ब्रेक तापून गेले, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फौजदारांनी कपाळाला हात लावला. इथवर मला अपेक्षितच होतं. पुढचं मात्र नव्हतं. उस्ताद म्हणाले, "आनि जीप मी चालवत व्हतो. पोरगी शेजारी बसली व्हती. पेडल खाली जातंय ते मला कळलं, मी मनावर घेतलं न्हाई."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते किती भोळं असतं! त्या वाळूच्या ढिगाभोवती निम्मी मोशी जमली होती. मी चालकाच्या दारातून उतरतानाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता, आमच्या काळेवाडीच्या वाण्यानेसुद्धा मला तो दाखवला होता. व्हिडिओ आम्ही थांबल्यानंतरचा, त्यामुळे धडकेचं खोटं खपलं असतं. उस्तादांचं खोटं शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. फौजदारांनी मला बाजूला बोलावलं. हळूच म्हणाले, "हे बघ, म्हातारपणी त्यांचं डोकं फिरलंय. तू धडकेचं सांग. त्यांचा जबाब मोडीत निघेल, दोघेही सुटाल."

खरंच सुटलो असतो. उस्तादांना वेड्यात काढलं की झालं. आणि वेडे म्हणून तर त्यांना सगळे ओळखतच होते.

मी उभी राहिले आणि सांगितलं. जीप मी चालवत होते. धडक कोणी दिली नाही. जवळ जा आणि मागे राहा, दोन्ही हुकूम एकाच वेळी होते, त्यात ब्रेक तापले. पेडल जातंय असं मी उस्तादांना दोनदा सांगितलं, आणि त्यांनी पहिल्यांदा ऐकलं नाही. हे शेवटचं वाक्य गाळता आलं असतं. पण ते गाळलं असतं तर बाकीचं कोणाला खरं वाटलं असतं? उस्ताद चालायचे थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या घरात चोरी केली होती.

त्या पोरावर चोरीचाच गुन्हा राहिला. फौजदारांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी. माझं प्रोबेशन वाढवलं, तोंड वर करायची चोरी झाली, पण नोकरी टिकली. उस्तादांकडून नवे चालक काढून घेतले आणि त्यांना एका बंद फाटकावर पहाऱ्याला बसवलं. मी भेटायला गेले की ते फाटकाच्या पलीकडच्या टोकाला चालत जात. काकू फोनवर म्हणाल्या, "तुझं नाव काडलं की भांडी आपटत्यात." निवृत्तीपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी मी फाटकावर गेले. नारळ आणि शाल कोणीतरी खुर्चीवर ठेवून गेलं होतं. उस्ताद स्टॉपवर बसची वाट बघत उभे होते, पिशवी खांद्याला. मी म्हटलं, "उस्ताद, घरी सोडते." त्यांनी नकाराची मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, "अजून राग आहे?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू खोटं बोलली असतीस तर तुला कदी माफ केलं नसतं. खरं बोललीस, त्याचा राग काय अजून जात न्हाई."

एवढं बोलून त्यांनी येणाऱ्या बसला हात केला.